फ्यूज्जी: पाणी प्यायला इटलीतल्या डोंगरावर जाताना

फ्यूज्जीत कुणी पाण्यात उतरत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ‘झऱ्यांचं गाव’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं येतात: वाफा, गंधकाचा वास, पंचा गुंडाळून काठावर बसलेली मंडळी. इथलं पाणी थंड आहे, त्याला वास नाही, रंग नाही, आणि ते फक्त प्यायचं असतं. पोहण्याचे कपडे बॅगेत टाकून निघालात तर ते तसेच घडी न मोडता परत येतील. गरम पाण्यात डुंबायचंच असेल तर इटलीत त्यासाठी सातूर्निया आहे, विटेर्बो आहे; तिकडे जावं.

फ्यूज्जीला जायचं ते तीन गोष्टींसाठी. सकाळी उपाशीपोटी झऱ्यावर पाणी पीत चेस्टनटच्या झाडांखाली फिरायचं, दुपारी उशिरा टेकडीवरच्या जुन्या गावाच्या पायऱ्या चढायच्या, आणि मधल्या वेळात आसपासची, मध्ययुगातल्या पोपांशी नातं असलेली गावं पाहायची. रोमहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असा दौरा करता येतो; पण मग पाण्याची सकाळ हुकते आणि तीच तर इथली मुख्य गोष्ट आहे. निदान एक रात्र राहा. दोन राहिलात तर उत्तम.

आधी दोन फ्यूज्जी समजून घ्या

रोमच्या आग्नेयेला साधारण ७५ ते ८० किलोमीटरवर, लात्सिओ प्रदेशातल्या फ्रोझिनोने जिल्ह्यात, एर्निची डोंगरांच्या कुशीत हे गाव आहे. या सगळ्या मुलखाला चोचारिया म्हणतात. इथले शेतकरी-मेंढपाळ पूर्वी ‘चोचे’ नावाच्या, पोटरीपर्यंत पट्टे गुंडाळायच्या कातडी वहाणा घालत, त्यावरून हे नाव पडलं.

गाव मात्र एक नाही, दोन आहेत. टेकडीच्या माथ्यावर, सुमारे ७५० मीटर उंचीवर, मध्ययुगीन वस्ती आहे: फ्यूज्जी चित्ता. तिच्या खाली, साधारण सव्वाशे मीटर उतरल्यावर, झरे, बागा आणि हॉटेलं असलेला विसाव्या शतकातला भाग आहे: फ्यूज्जी फोन्ते. १९११ पर्यंत गावाचं नाव आंतिकोली दी काम्पान्या होतं. पाण्याचं नाव झालं तसं गावानंच नाव बदलून घेतलं. जुन्या नावाची खूण खालच्या एका झऱ्याच्या नावात उरली आहे, आंतिकोलाना.

नव्यानं येणाऱ्यांची गफलत इथेच होते. बस खालीच थांबते, हॉटेल खालचंच घेतलेलं असतं, दोन-चार रस्ते फिरून झाले की बंद पडलेल्या हॉटेलांच्या पाट्या दिसतात आणि माणूस म्हणतो, इथे काही नाही. खालचा भाग थोडा उदास आहे, हे खरंच. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत सरकारी आरोग्य विम्याच्या खर्चानं इटलीभरातून माणसं इथे ‘कूरा’ करायला, म्हणजे पाण्याचा उपचार घ्यायला येत आणि दोन-दोन आठवडे राहत. पुढे सरकारी हात आखडला, लोकांच्या सुट्ट्या बदलल्या आणि हॉटेलं गरजेपेक्षा जास्त झाली. त्या भरभराटीची पडछाया खालच्या रस्त्यांवर अजून आहे. मला ती बघायलाही आवडते, पण पहिल्यांदा येणाऱ्यानं तेवढ्यावर गावाविषयी मत बनवू नये. वर जाऊन यावं.

पोप, शिल्पकार आणि मूतखडा

थोडा इतिहास ठाऊक असला की झऱ्यावर उभं राहायला मजा येते. आठवा बोनिफेस १२९४ ते १३०३ या काळात पोप होता. तो जवळच्याच आनान्यी गावचा, काएतानी घराण्यातला. त्याला मूतखड्याचा त्रास होता आणि आंतिकोलीचं पाणी त्याच्यासाठी नेलं जाई. मुख्य झऱ्याला आज त्याचंच नाव आहे.

दुसरा रुग्ण त्याहून प्रसिद्ध, मायकेलअँजेलो. १५४९ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो लघवीच्या त्रासानं अगदी हैराण झाला होता. फ्लॉरेन्समधल्या पुतण्याला, लिओनार्दोला, त्यानं लिहिलेल्या पत्रांतून ही कहाणी कळते. रोमपासून चाळीस मैलांवरच्या एका झऱ्याचं पाणी आपण पितो, ते खडा फोडतं, आपला बराचसा खडा त्यानं बाहेर काढला, आता घरात या पाण्याचा साठाच करून ठेवायला हवा, पिण्याला आणि स्वयंपाकालाही दुसरं पाणी नको, असा त्याचा सूर आहे. पत्रात गावाचं नाव नाही. पण चाळीस मैल म्हटल्यावर फ्यूज्जीकरांनी ते प्रशस्तिपत्र आपलंच मानलं आणि तेव्हापासून बाटल्यांच्या जाहिरातींत ते वाजवून वापरलं.

कधी जायचं

झऱ्यांच्या बागा वर्षभर उघड्या नसतात. वसंतात उघडतात, शरद संपता संपता मिटतात. हिवाळ्यात गेलात तर पाणी दुकानातल्या बाटलीतूनच प्यावं लागेल. नेमक्या तारखा आणि वेळा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, म्हणून तिकिटं काढण्यापूर्वी त्या वर्षीचं वेळापत्रक पाहा, आणि ज्या हॉटेलात उतरणार त्यांनाच विचारा. संकेतस्थळापेक्षा त्यांचं उत्तर जास्त भरवशाचं.

माझं मत विचाराल तर मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये रोम भाजून निघत असताना इथली हवा बरी असते, पण १५ ऑगस्टच्या आसपास सगळा इटली सुट्टीवर असतो. खोल्या महागतात आणि शांतता जाते. ऑक्टोबरात चेस्टनट पडतात, जंगलात पायाखाली काटेरी टरफलं येतात आणि हॉटेलवाल्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. महिना कोणताही असो, एक स्वेटर ठेवा. संध्याकाळी वरच्या गावात गार वारा असतो.

एक अपवाद फेब्रुवारीचा. २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी वरच्या गावातल्या चौकात लाकडांचे मोठाले होळीसारखे ढीग पेटवतात, त्यांना ‘स्तूत्से’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी गावचा रक्षक संत बियाजो याचा सण असतो. आख्यायिका अशी: १२९८ साली गाव कोलोन्ना घराण्याकडे होतं आणि पोप बोनिफेसचं सैन्य त्यावर चालून आलं होतं. संतानं गावावर खोट्या ज्वाळा दाखवल्या, शत्रूला वाटलं की आपल्याच दुसऱ्या तुकडीनं गाव पेटवलं, आणि तो माघारी फिरला. म्हणजे ज्या पोपला या गावानं पाणी पाजलं, त्याच पोपच्या सैन्यापासून वाचल्याचा उत्सव हे गाव दरवर्षी करतं. झरे बंद असले तरी हा दिवस गाठण्याजोगा आहे.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. लंडनला किंवा दुबईला राहत असलात तरी लागतो. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशाचा वैध निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको. प्रवासात सर्वांत जास्त रात्री इटलीत असतील तर इटलीकडे अर्ज करायचा. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस असली तरी उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळतानाच मारामार असते, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

अर्जात फ्यूज्जीचं हॉटेल दाखवत असाल तर प्रवासाच्या योजनेत एका ओळीत ‘रोमहून बसने’ असं लिहून टाका. व्हेनिस-फ्लॉरेन्स-रोमच्या ठरावीक रांगेत अनोळखी गाव दिसलं की तिथे कसे जाणार, हा प्रश्न येऊ शकतो.

रोमहून वर कसं जायचं

पूर्वी रोमहून थेट फ्यूज्जीला छोट्या रुळांची गाडी येत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेला तो मार्ग १९८० च्या दशकापर्यंत बंद पडला. रोम शहरातला एक तुकडाच काय तो मागे राहिला. आता पर्याय तीन.

बस सगळ्यांत सरळ. रोमच्या मेट्रोची ‘आ’ लाइन पकडा आणि शेवटपर्यंत जा. शेवटचं स्टेशन आनान्यिना. बाहेर कोत्राल कंपनीच्या निळ्या बसचा तळ आहे, तिथून फ्यूज्जीची बस मिळते. वाहतुकीवर अवलंबून साधारण दीड तास धरा. तिकीट चढण्यापूर्वी काढून ठेवा. मोठं ‘टी’ अक्षर लावलेल्या ताबाक्केरीत, म्हणजे तंबाखूच्या दुकानात, किंवा तळावर मिळतं. बसमध्ये चढताच ते यंत्रात घालून छाप उमटवायची. छाप नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस परदेशी म्हणून सोडत नाहीत. एकाच दिवसात मेट्रो, कोत्राल बस आणि प्रादेशिक रेल्वे असं सगळं वापरणार असाल तर ‘बिर्ग’ नावाचं दिवसभराचं तिकीट मागा. ते झोनवर असतं, त्यामुळे फ्यूज्जीपर्यंत जायचंय हे सांगा.

रेल्वेनं जायचं तर रोम तेर्मिनीहून कास्सिनोच्या दिशेची प्रादेशिक गाडी आणि ‘आनान्यी-फ्यूज्जी’ हे स्टेशन. तासाभरात पोचता, पण नावाला भुलू नका. हे स्टेशन खाली दरीत आहे. फ्यूज्जी तिथून आणखी पंधरा-सतरा किलोमीटर, तेही चढाचं. बस आहेत, पण प्रत्येक गाडीला जोडून नाहीत. उतरल्यावर स्टेशनाबाहेर टॅक्सींची रांग असेल, अशी आशा धरू नका. पुढची बस पाहून मगच गाडी निवडा. सामान जास्त असेल किंवा आई-वडील बरोबर असतील तर हॉटेलला आधी कळवून स्टेशनवर गाडी मागवा.

स्वतः गाडी चालवणार असाल तर ए-१ महामार्गावरून ‘आनान्यी-फ्यूज्जी तेर्मे’ या फाट्यावर बाहेर पडा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो भारतातून निघण्यापूर्वी आरटीओतून काढा. जुन्या गावांच्या वेशीवर ‘झोना त्राफ्फिको लिमितातो’, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई, अशी पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. आत गेलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

रविवारी आणि सणांच्या दिवशी बस फारच कमी असतात. जाणं-येणं या दिवशी ठेवूच नका, हा या लेखातला सर्वांत उपयोगाचा सल्ला समजा.

मुक्काम कुठे

पहाटे उठून झऱ्यावर चालत जायचं असेल तर खाली, फोन्तेमध्ये. खोल्या साध्या, जुन्या वळणाच्या आणि रोमच्या मानानं स्वस्त. बऱ्याच हॉटेलांत अर्धा किंवा पूर्ण मुक्काम, म्हणजे जेवणासह दर, असतो. शाकाहारी असाल तर नुसता नाश्ता असलेला दर घ्या आणि जेवायला बाहेर पडा. इथलं सर्वांत नामांकित हॉटेल म्हणजे पालात्सो देल्ला फोन्ते. १९१३ मध्ये उघडलेली टेकाडावरची भव्य इमारत. राहायला परवडलं नाही तरी बाहेरून जरूर बघा.

रात्री दगडी गल्ल्यांत फिरायची हौस असेल तर वरच्या गावात छोट्या खोल्या मिळतात. तिथे लिफ्ट नसते, चाकांची बॅग पायऱ्यांवर निरुपयोगी ठरते, आणि सकाळी झऱ्यासाठी खाली यावं लागतं. वर-खाली बस आहे. उतरताना चालत यायला हरकत नाही; चढताना मात्र आधी गुडघ्यांना विचारा.

हॉटेलात पासपोर्ट मागतात, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पर्यटन कर खोलीच्या दरात धरलेला आहे का, तेवढं विचारून घ्या.

पाण्याची सकाळ

रात्री हलकं जेवा. सकाळी चहा नाही, कॉफी नाही, बिस्किट नाही. उपाशीपोटी फोन्ते बोनिफाचो आठवा या झऱ्याच्या फाटकाशी या आणि तिकीट काढा. हो, आत जायला तिकीट आहे. झरा असला तरी तो राखलेल्या बागेत आहे. कमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, वेलबुट्टीदार ‘लिबर्टी’ शैलीतली.

आत शिरलात की दृश्य एकदम बदलतं. १९६० च्या दशकात हा परिसर लुइजी मोरेत्ती या वास्तुकारानं नव्यानं बांधला. वॉशिंग्टनमधली वॉटरगेट इमारत ज्यानं आखली तोच हा. काँक्रीटच्या छत्र्यांसारखी छतं, वळणदार मोकळ्या जागा, मधूनच झाडं. काहींना ते रुक्ष वाटतं. मला वाटतं, पाणी पिण्यासारख्या साध्या कामासाठी इतकी गंभीर वास्तू कुणी उभी करावी, यातच या गावाचा स्वभाव आहे.

नळांच्या ओळीवर पेला भरा. तिथे मिळतो, तरी घरून एक हलका पेला नेला तर बरा. नेहमी येणारे आजी-आजोबा तसंच करतात. आता महत्त्वाचं: घटाघटा प्यायचं नाही. घोट घोट घ्यायचा, पेला हातात धरून फिरायचं, बाकावर टेकायचं, मग पुन्हा भरायचा. इटालियन माणसं या वेळात वर्तमानपत्र वाचतात, राजकारणावर वाद घालतात, दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करतात. राजकारणावरून आठवलं: इटलीत ‘फ्यूज्जीचं वळण’ म्हटलं की पाणी नव्हे, जानेवारी १९९५ मधलं अधिवेशन आठवतं. इटालियन सोशल मूव्हमेंट हा फॅसिस्ट वारशाचा पक्ष याच गावात जानफ्रांको फिनी यांच्या नेतृत्वाखाली विसर्जित होऊन ‘नॅशनल अलायन्स’ झाला. शेजारच्या बाकावरच्या आजोबांना विषय काढून दिलात तर तासभर निघेल. मात्र बाजू कोणतीही घेऊ नका.

किती प्यायचं? निरोगी माणसानं तासा-दीड तासात तीन-चार पेले, इतकं पुरे. थोड्याच वेळात पाणी आपला गुण दाखवतं आणि स्वच्छतागृह शोधावं लागतं. ती बागेत आहेत, खाणाखुणांसह. पण या सकाळी लांबच्या बसमध्ये बसायचं ठरवू नका. शेवटच्या पेल्यानंतर थोडा वेळ जाऊ द्या, मग नाश्ता.

दुसरा झरा, फोन्ते आंतिकोलाना, परंपरेनं दुपारनंतरचा. बाग जास्त मोकळी, झाडं जास्त, मुलांना हुंदडायला जागा. दोन्हीकडे जायचं बळ नसेल तर सकाळचा बोनिफाचो चुकवू नका. आंतिकोलाना राहिला तरी चालेल. मुलं बरोबर असतील तर नेमकं उलटं.

हे पाणी काय करतं आणि काय करत नाही

बाटलीवर ‘ओलिगोमिनेराले’ असं लिहिलेलं दिसेल. पाणी आटवल्यावर लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार उरतात, त्या पाण्याला युरोपात हे नाव मिळतं. फ्यूज्जीचं पाणी त्या मर्यादेच्याही बरंच खाली आहे आणि त्यात सोडियम अगदी कमी. खनिज झरा म्हणजे खनिजांनी भरलेलं पाणी, हा समज इथे उलटा पडतो. चवीला ते हलकं लागतं, इतकं की पहिल्या पेल्याला लोक विचारतात, यात विशेष काय?

विशेष हे की ते भरपूर पिता येतं, आणि मूतखड्याचं सगळं गणित भरपूर पिण्यावर आहे. लघवी जितकी पातळ तितके तिच्यातले क्षार आणि युरिक ॲसिड विरघळलेले राहतात, खडा धरण्याची शक्यता कमी होते. खड्याचा त्रास होऊन गेलेल्यांना डॉक्टर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात, ते याचसाठी. तेव्हा मायकेलअँजेलोचा खडा पाण्यानं ‘फोडला’ की नुसता वाहून नेला, हा वाद त्याच्याकडेच राहू द्या. मोठा, अडकलेला खडा पाण्यानं फुटत नाही. कळा, ताप, लघवीतून रक्त असं काही असेल तर झरा नव्हे, डॉक्टर गाठा. इटलीत तातडीसाठी फोन ११२.

ज्यांना मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, हृदय कमजोर आहे, पाणी मोजून प्यायला सांगितलंय किंवा लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी इथला पेल्यावर पेला हा खेळ करू नये. एक पेला चवीपुरता, आणि बाकी बाग बघावी. इटालियन लोकांचा ‘कूरा’ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनं आणि ठरवून दिलेल्या मापानं चालतो, हे लक्षात ठेवा.

वरचं गाव

दुपारी साडेचार-पाचला वर जा. त्याआधी जाण्यात अर्थ नाही. साधारण एक ते चार दुकानं बंद असतात, रस्ते ओस. बस तुम्हाला पियात्सा त्रेन्तो ए त्रिएस्ते या चौकाच्या आसपास सोडते. हा चौक म्हणजे वरच्या गावाचा ओटा: एका बाजूला दरीकडे उघडणारा कठडा, नगरपालिका, थिएटर, कॅफे. आधी इथे एक कॉफी घ्या. काउंटरला उभं राहून घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग. हा नियम बहुतेक ठिकाणी लागू.

मग नकाशा खिशात ठेवा. गाव टेकडीभोवती गोल गोल गुंडाळलेलं आहे, त्यामुळे हरवणं अवघड: वर चढत राहिलात तर माथ्यावर सान पिएत्रोच्या चर्चशी पोचता, उतरत राहिलात तर पुन्हा चौकात. मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ मागता यावं. कमानींखालून जाणारे बोळ, पायऱ्यांवर मांडलेल्या कुंड्या, दारात खुर्ची टाकून बसलेल्या बायका. त्यांच्याकडे बघून ‘बुओना सेरा’ म्हणा. न बोलता कॅमेरा रोखणाऱ्यापेक्षा तुमचं स्वागत बरंच ऊबदार होईल. हा माणसांच्या घराचा भाग आहे, देखावा नाही.

चप्पल नको. दगड गुळगुळीत आहेत आणि पाऊस पडून गेला असेल तर घसरायला होतं. गुडघे दुखणाऱ्यांची चौकात बसूनही संध्याकाळ छान जाते. सात वाजता सगळं गाव तिथेच येतं.

जेवण

चोचारियाचं जेवण शेतकऱ्यांचं आहे. ‘फीनी फीनी’ म्हणजे अंड्याच्या पिठाच्या अगदी बारीक कापलेल्या शेवया, ‘सान्ये ए फाजोली’ म्हणजे पट्ट्यांसारख्या पास्त्याबरोबर शिजवलेले वाल-राजम्याच्या जातीचे दाणे. दुसरा पदार्थ शाकाहारी वाटतो, पण त्यात अनेकदा डुकराची चरबी किंवा पान्चेत्ता, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, असतो. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पान्चेत्ता’ असं दोनदा सांगा. नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हटलं की काही आजीबाई मांसाचे तुकडे बाजूला काढून देतात आणि समजतात झालं.

बिनधास्त मागण्यासारख्या गोष्टी: ‘चिकोरिया रिपास्साता’, म्हणजे लसूण-मिरची घालून परतलेली कडवट पालेभाजी, जी भाकरीची आठवण काढायला लावते, ऑक्टोबरात पोर्चिनी आळिंबीचे पदार्थ, चीज नसलेला मारिनारा पिझ्झा. चीजबाबत काटेकोर असाल तर परमेसान आणि पेकोरिनो रोमानो दोन्ही प्राण्यांच्या रेनेटवर, म्हणजे त्यांच्या पोटातून काढलेल्या विरजणावर, बनतात, हे ध्यानात ठेवा. जैन मंडळींनी थोडा कोरडा खाऊ आणलेला बरा. कांदा-लसणाशिवाय इथे फार काही हाती लागत नाही.

पिणाऱ्यांसाठी शेजारच्या पील्यो गावची लाल चेझानेझे वाइन आहे. गोड खाणाऱ्यांसाठी जवळच्या ग्वार्चिनो गावची बदामाची आमारेत्ती बिस्किटं. बिलात ‘पाने’ म्हणून माणशी एक-दोन युरो दिसू शकतात; तो पावाचा आकार आहे, फसवणूक नाही. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसऱ्या दिवसाचं काय

एकच ठिकाण जमणार असेल तर आनान्यी. तेराव्या शतकात या छोट्याशा गावानं चार पोप दिले. कॅथीड्रलच्या तळघरात, संत माग्नोच्या क्रिप्टमध्ये, भिंती-छतभर मध्ययुगीन भित्तिचित्रं आहेत: विश्वाची रचना, वैद्यकशास्त्राचे जुने आचार्य गेलेन आणि हिप्पोक्रेटस, बायबलातले प्रसंग. छायाचित्रं घेऊ देत नाहीत, त्यामुळे डोळे भरून बघा. जवळच बोनिफेसचा राजवाडा. सप्टेंबर १३०३ मध्ये फ्रान्सच्या राजाचा माणूस नोगारे आणि शारा कोलोन्ना यांनी इथे घुसून पोपला पकडलं. ‘आनान्यीची थप्पड’ म्हणून ती घटना प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष थप्पड बसली की अपमानालाच तसं नाव पडलं, यावर एकमत नाही. गावकऱ्यांनी त्याला सोडवलं, पण महिनाभरात तो रोममध्ये वारला.

गाडी असेल तर अलात्रीची प्रचंड दगडी तटबंदी जोडा. चुना न वापरता बसवलेले बहुकोनी धोंडे, रोमनांच्या आधीच्या काळातले. कोल्लेपार्दोजवळचा त्रिसुल्तीचा मठ १२०४ सालचा. जंगलात एकाकी, त्याची जुनी औषधशाळा बघण्यासारखी. कान्तेर्नोचं तळं गावापासून जवळ आहे. पूर्वी ते तळाच्या भगदाडातून अधूनमधून अचानक रिकामं व्हायचं. ते बुजवल्यावर स्थिरावलं. पक्षी बघणाऱ्यांना आवडेल, बाकीच्यांनी वेळ असेल तरच जावं. बसनं यातलं एका दिवशी एकच ठिकाण नीट होतं.

परतताना

परतीच्या बसची वेळ आदल्या संध्याकाळी थांब्यावर वाचून घ्या. वेळापत्रकात ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवारचे कामाचे दिवस, ‘फेस्तीवो’ म्हणजे रविवार आणि सुट्टी, ‘स्कोलास्तिको’ म्हणजे शाळा चालू असतानाच धावणारी बस. उन्हाळ्यात शाळेच्या बसची वाट बघत उभे राहिलेले प्रवासी दरवर्षी दिसतात. परतीचं तिकीट येतानाच काढलेलं असू द्या. सकाळच्या वेळी दुकान उघडं नसेल तर पंचाईत होते.

घरच्यांसाठी पाणी न्यायचं असेल तर विमानात हातातल्या बॅगेत ते चालेलच असं नाही आणि सामानातल्या बॅगेत वजन खाईल. फ्यूज्जीच्या बाटल्या रोमच्या सुपरमार्केटांत आणि औषधांच्या दुकानांतही मिळतात, त्यामुळे डोंगरावरून पेटी वाहून आणण्याचं कारण नाही. ग्वार्चिनोची बिस्किटं मात्र इथूनच घ्या.